कढीपत्ता कुणी खाल्ला?

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही किंवा बसमध्ये नेटवर्क मिळत नाही, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या भागाचा हा लेखी अवतार. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त माझे चाळीसेक 'अ‍ॅक्च्युअली' कापलेत.

पावसाळा सुरू झाल्यापासून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जवळपास एकच फोटो पाठवलाय. कुंडीतला कढीपत्ता, पानं गायब, नुसत्या काड्या शिल्लक. आणि खाली प्रश्न: "दादा, यावर काय फवारू?"

एका शब्दात उत्तर: काहीच नको. पण मग पान कुणी खाल्लं, का खाल्लं, आणि ते खाऊ दिल्याने तुमच्या चौथ्या मजल्यावर नक्की काय बदलतं, हे सांगायला अर्धा तास लागतो. म्हणून हा भाग.

आधी माझी ओळख नव्या श्रोत्यांसाठी. मी बीटेक आहे, दिवसभर कोड लिहितो, वनस्पतिशास्त्राची पदवी वगैरे काही नाही. पुण्यात चार विंगांच्या एका सोसायटीत राहतो. गेली तीन वर्षं आम्ही पंचवीसेक घरं मिळून आमच्या बाल्कन्या, थोडी गच्ची आणि पार्किंगमागची एक पडीक पट्टी अशा पद्धतीने लावतोय की तिथे फुलपाखरं, मधमाश्या, शिंपी, शिंजीर वगैरे मंडळी नुसती येऊन जाणार नाहीत, राहतील. 'येऊन जाणं' आणि 'राहणं' यातला फरक हाच आजचा विषय आहे.

आता आरोपी ओळखू. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसतंय? काळपट तपकिरी, मध्ये पांढुरका पट्टा? ती शीट नाही. ती कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराची लहान अळी आहे. शीट खाण्यात कुठल्याही पक्ष्याला रस नसतो, म्हणून हा वेश. चार वेळा कात टाकली की हीच अळी हिरवीगार होते आणि अंगावर दोन खोटे डोळे मिरवते. तिला डिवचलंत तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढते, आणि त्याला असा उग्र वास असतो की आपण हात मागे घेतोच. लिंबाच्या झाडावर जवळपास अशाच दिसणाऱ्या अळ्या असतील तर त्या लाइम बटरफ्लायच्याही असू शकतात. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोष करेपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे जातात आणि सगळ्यात जास्त खादाडी शेवटच्या काही दिवसांत होते. म्हणूनच तुम्हाला वाटतं की "परवापर्यंत झाड ठीक होतं हो!" ठीक नव्हतं. जेवणारे लहान होते.

पण कढीपत्ताच का? शेजारच्या कुंडीत जास्वंद आहे, मनी प्लांट आहे, त्यांना हातसुद्धा नाही.

झाडांना पळता येत नाही, त्यामुळे ती पानांत रसायनं साठवतात. कडू, उग्र, काही सरळ विषारी. आपल्याला फोडणीत जो वास आवडतो ना, तो मुळात आपल्यासाठी बनलेला नाही. बहुतेक किड्यांसाठी ती पाटी आहे: 'इथे जेवू नये'. पण काही किड्यांनी लाखो वर्षांत त्या त्या कुळातल्या झाडांची रसायनं पचवायची कला कमावली. कढीपत्ता, लिंबू, संत्रं, बेल, ही सगळी एकाच कुळातली भावंडं. मॉरमॉनच्या मादीला ती चालतात, बाकीची नाही. अंडं घालण्याआधी ती पानावर पुढच्या पायांनी टकटक करते. पायानेच चव घेते ती! पान बरोबर असेल तरच अंडं.

आमच्या भाषेत सांगायचं तर फुलपाखराचं मधाशी नातं सैल असतं. झेंडू नाही तर सदाफुली, सदाफुली नाही तर एक्झोरा. एक सर्व्हर बंद पडला तर दुसरीकडे जातं. अळीचं मात्र तसं नाही. तिची हार्ड डिपेंडन्सी आहे. ते पॅकेज नसेल तर बिल्ड फेल, विषय संपला.

आणि म्हणूनच बिल्डरने लावून दिलेल्या सोसायटीच्या बागा बघायला छान आणि जगायला निकामी असतात. आठवून बघा तुमची बाग: लॉन, कापून चौकोनी केलेलं ड्युरांटाचं कुंपण, आरेका पामची रांग, बोगनवेल. फुलं आहेत, थोडाफार मध आहे, पण पिल्लं वाढवायला पान जवळजवळ नाही. हॉटेल आहे, बाळंतिणीची खोली नाही. (आरेकाची बाजू घ्यायची तर पामफ्लाय नावाच्या फुलपाखराची अळी ते खाते. म्हणजे अगदी शून्य नाही. पण एवढ्या जागेत एकच पाहुणा!) कोनोकार्पसच्या भिंती उभ्या करायची फॅशन तर मध्यंतरी इतकी वाढली की गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली.

इथे एक तक्रार मी दरवेळी ऐकतो. "अरे, आमच्याकडे घाणेरी लावलीय, तिच्यावर कितीतरी फुलपाखरं येतात." येतात, मान्य. घाणेरीत मध भरपूर आहे. पण ती अमेरिका खंडातून आलेली, पक्षी तिची फळं खाऊन बिया टेकडीवर नेऊन टाकतात आणि तिथे ती स्थानिक झुडपांना उठू देत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर फिरणाऱ्यांनी हे पाहिलंच असेल. बाल्कनीतल्या गर्दीच्या फोटोसाठी टेकडीला त्रास देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं, पानं खाल्ली, अळी वाढली, फुलपाखरू झालं. एवढ्यासाठी एवढा खटाटोप? तर नाही. खरी गंमत त्या अळ्यांची आहे ज्या फुलपाखरू होतच नाहीत.

अमेरिकेत डग टॅलमी नावाचे कीटकशास्त्रज्ञ आहेत, डेलावेअर विद्यापीठात. घरामागच्या अंगणात स्थानिक झाडं लावा, ही तिथली चळवळ मोठी करण्यात त्यांचा मोठा हात आहे. चिकाडी म्हणून तिकडचा एक पक्षी आहे, आपल्या चिमणीपेक्षाही लहान. एका विणीतली पिल्लं मोठी करायला चिकाडीच्या जोडीला ६,००० ते ९,००० अळ्या लागतात, असा हिशोब ते मांडतात. सहा ते नऊ हजार! २०१८ मध्ये डेझिरे नारँगो, टॅलमी आणि पीटर मारा यांनी वॉशिंग्टन डी. सी.च्या आसपासच्या घरांच्या अंगणांतला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या अंगणांत स्थानिक झाडांचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला, तिथे चिकाडींची संख्या टिकण्याइतकी पिल्लं वाढेनात. झाडं होती, हिरवळ होती, घरटी होती. जेवण नव्हतं.

हे वाचल्यावर मला आमच्याकडच्या चिमण्या आठवल्या. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. त्याची सुरुवात २०१० मध्ये झाली आणि त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरेव्हर सोसायटी आहे. त्या दिवशी आपण सगळे लाकडी घरटी टांगतो, तांदूळ ठेवतो, स्टेटस टाकतो. पण चिमणीचं पिल्लू पहिले दिवस दाण्यावर वाढत नाही, त्याला मऊ किडे आणि अळ्या लागतात. घरटं टांगलं आणि खालच्या झाडांवर फवारणी केली, तर आपण भाड्याने घर दिलं आणि किराणा दुकान बंद केलं, असं होतं. शिंपी, बुलबुल, चष्मेवाला, अगदी मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना किडे आणि कोळी भरवतो.

दाण्यांवरून आणखी एक. बाल्कनीत धान्य टाकलं की येतात ती मुख्यतः कबुतरं. त्यांची कोरडी विष्ठा काही लोकांच्या फुप्फुसांना गंभीर त्रास देऊ शकते. दाणे टाकणं म्हणजे जैवविविधता नव्हे. पुढे जाऊ.

मॉरमॉनची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. या फुलपाखराचा नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्या मात्र एकाच प्रकारच्या नसतात. काही नरासारख्या, काही कॉमन रोझ या दुसऱ्याच फुलपाखरासारख्या, काही क्रिमझन रोझसारख्या. हे दोन्ही रोझ विषारी असतात, कारण त्यांच्या अळ्या ईश्वरी नावाच्या वेलीची विषारी पानं खातात आणि ते विष अंगात साठवतात. पक्षी एकदा खाऊन पस्तावला की पुन्हा वाटेला जात नाही. मॉरमॉनची मादी विषारी नाही, फक्त तसे कपडे घालते. आता प्रश्न असा की एवढं सगळं, रंग, ठिपके, पंखांचा आकार, एकत्र कसं बदलतं? अनेक जनुकं मिळून करत असतील असं वाटायचं. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या शोधनिबंधाने दाखवलं की मुख्य कळ एकाच जनुकात आहे, डबलसेक्स. मूळ काम नर-मादी ठरवण्याच्या यंत्रणेतलं, पण इथे ते मादीचा पूर्ण वेश ठरवतं. एक फीचर फ्लॅग बदलला आणि अख्खा इंटरफेस बदलला! या निबंधाचे पहिले लेखक कृष्णमेघ कुंटे, आपल्या पुण्याचे, आता बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये. 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' हे संकेतस्थळ त्यांच्याच पुढाकाराचं. अळी ओळखायची असेल तर मी आधी तिथेच जातो.

आता हे बागेशी कसं जोडलंय ते बघा. नक्कल तेव्हाच चालते जेव्हा अस्सल माल आसपास असतो. परिसरातल्या पक्ष्यांनी कधी रोझ चाखलाच नसेल, तर मॉरमॉनच्या मादीच्या वेशाला कोण घाबरणार? म्हणजे कढीपत्त्यावर वाढलेल्या फुलपाखराची सुरक्षितता कुठेतरी ईश्वरीच्या वेलीवर अवलंबून आहे. म्हणून आम्ही पार्किंगमागच्या जाळीवर ईश्वरी चढवली. (ती दिसायला औषधी वाटली तरी काढा वगैरे अजिबात करू नका. तिच्यातलं रसायन माणसाच्या मूत्रपिंडांना घातक आहे. मुलांनाही सांगून ठेवा.)

ईश्वरीच्याच भाऊबंदांवरून ऑस्ट्रेलियात एक गोष्ट घडली, ती मला या सगळ्या विषयातली सर्वात बोलकी वाटते. तिथे क्वीन्सलंडच्या आग्नेय भागात आणि त्याला लागून न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला रिचमंड बर्डविंग नावाचं मोठं, हिरवं-काळं फुलपाखरू आहे. त्याची अळी तिथल्या रानातली एक विशिष्ट वेल खाते. रान तुटलं, वेल गेली, फुलपाखराचा प्रदेश आक्रसला. त्यात लोकांनी बागांमध्ये शोभेसाठी दक्षिण अमेरिकेतली डचमन्स पाइप नावाची वेल लावली. त्याच कुळातली. मादीने पायाने चव घेतली, 'बरोबर आहे' म्हणाली, अंडी घातली, आणि अळ्या ते पान खाऊन मेल्या. बाग सुंदर होती आणि सापळा होती. मग १९९०च्या दशकात शास्त्रज्ञांनी लोकांनाच हाताशी धरलं. शाळांनी आणि घरमालकांनी आपापल्या बागेत मूळची वेल लावायला आणि ती परदेशी वेल उपटायला सुरुवात केली, म्हणजे उरलेल्या रानाच्या तुकड्यांमध्ये ये-जा करताना फुलपाखराला मधे थांबे मिळतील. एका घरच्या वेलीने काहीच झालं नसतं. थांबे हवेत तर ओळीने हवेत.

आपल्याकडे याचं मोठ्या जागेतलं उदाहरण बघायचं तर ठाण्यात घोडबंदर रोडला ओवळेकर वाडी आहे. राजेंद्र ओवळेकर यांनी घरच्या शेतजमिनीवर फुलपाखरांसाठी एक-एक झाड लावत ती उभी केली. तिथे जाऊन आल्यावर मात्र लोक मला म्हणतात, "त्यांच्याकडे जमीन आहे रे, आपल्याकडे चार बाय दहाची बाल्कनी." बरोबर आहे. म्हणून आपल्याला शेजारी लागतात.

आमच्याकडे हे शेजारीपण अळ्यांनीच जमवलं. झालं काय, पहिल्या पावसाळ्यात ए विंगमधल्या एका काकूंच्या कढीपत्त्यावर दहा-बारा अळ्या झाल्या. बारा इंची कुंडीतलं झाड दहा-बारा मोठ्या अळ्यांना पुरतच नाही. झाड संपलं, अळ्या भुकेल्या. काकूंनी बाजारातून जुडी आणून घालायचं ठरवलं, पण त्यावर फवारणीचे अंश असले तर अळी मरते. मग त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "कुणाकडे न फवारलेला कढीपत्ता आहे का? फोडणीला नको, अळीला हवाय." लोकांना आधी वाटलं काकूंचा फोन कुणीतरी हॅक केलाय. पण बी विंगमधून एक आजोबा स्वतः फांदी घेऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन अळ्या बघायला आले. तिथून वेगळा ग्रुप निघाला. आता पावसाळ्यात त्यावर रोज काहीतरी असतं: "सी ३०२ कडे लिंबू आहे, दोन अळ्या घेईन", "कोष झाला, लिफ्टच्या कोपऱ्यात, झाडूवाल्या मावशींना सांगा हात लावू नका".

अळ्या हलवण्याबद्दल एक सूचना. चिमटीत धरून ओढू नका, ती ज्या डहाळीवर आहे ती डहाळीच कापून नव्या झाडाला टेकवा. आणि झाड बदललं तरी कूळ बदलू नका.

या ग्रुपवर आमचं पहिलं भांडण झालं ते बुलबुलावरून. कुणाच्या तरी कठड्यावर बुलबुलाने येऊन एकामागून एक अळ्या उचलल्या. फोटो आला, रडण्याच्या इमोजी आल्या. काही जण म्हणाले, सगळ्या अळ्या बरण्यांत घालून घरात वाढवू, शंभर टक्के फुलपाखरं. मी आणि आणखी दोघं तिघं विरोधात. मुलांना दाखवायला एखादी अळी बरणीत वाढवली तर हरकत नाही. ती बघण्यासारखी मजा नाही. पण आपण फुलपाखरांचा कारखाना काढलेला नाही. बुलबुलालाही घरी पिल्लं आहेत. अळी खाल्ली गेली म्हणजे बाग फसली नाही, बाग चालू झाली. हे सगळ्यांना पटलं असं नाही. दोन काकू अजूनही जाळी लावतात आणि मला बघून ती आणखी घट्ट करतात.

दुसरा वाद मात्र गमतीचा नव्हता.

सोसायटीचं पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट होतं. त्यात घरातली झुरळं होतीच, पण दर महिन्याला बागेतल्या सगळ्या झाडांवर फवारणी आणि पावसाळ्यात धुराची फेरीही होती. फवारणी झाली की दोन दिवसांत खालच्या दोन मजल्यांवरच्या अळ्या पानांखाली मरून पडायच्या. बाटली बघितली तर इमिडाक्लोप्रिड. हे औषध पानावर बसून राहत नाही, झाडाच्या रसात शिरतं; तिथून परागात आणि मधातही पोचतं. म्हणजे फवारलेली अळीच नाही, नंतर फुलावर आलेली मधमाशीही त्यात सापडते. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये उघड्यावरच्या शेतीत त्याच्या वापरावर बंदी घातली ती मधमाश्यांच्या धोक्यामुळेच.

आम्ही वार्षिक सभेत विषय मांडला. तेव्हा सी विंगमधल्या एक ताई उभ्या राहिल्या. आदल्या वर्षी त्यांच्या मुलीला डेंग्यू झाला होता, प्लेटलेट्स खूप खाली गेल्या होत्या, आठवडाभर दवाखान्यात. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची फुलपाखरं छान आहेत. माझ्या मुलीच्या बदल्यात नको."

याला टाळ्या घेणारं उत्तर नसतं, आणि नसावंच. आम्ही सभा संपवली आणि दोन आठवडे फक्त डासांवर वाचलं. डेंग्यूचा एडिस डास झाडावर जन्मत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात जन्मतो. कुंडीखालच्या बश्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, गच्चीवरचे टायर, उघडी टाकी. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्याकडच्या उष्णतेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून महापालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते. शिवाय अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे पाणी नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं. धूर त्या क्षणी उडणारे डास मारतो. पाण्यातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. आणि महिन्यातून एकदा जास्वंदीवर मारलेल्या औषधाचा एडिसशी संबंध जवळजवळ नाहीच. उलट झाडांखातर आम्ही हौशी मंडळी ज्या बश्या आणि पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी ठेवत होतो, त्यांची जबाबदारी आमच्यावर येत होती.

तेव्हा आम्ही तोच प्रस्ताव घेऊन ताईंकडे गेलो, आणि 'फवारणी बंद करा' असं म्हणालो नाही. म्हणालो, दर शनिवारी आम्ही सगळ्या गच्च्या, डक्ट आणि टाक्यांची झाकणं तपासू; आमच्या कुंड्यांखालच्या बश्या काढून टाकू; पक्ष्यांचं पाणी रोज बदलू आणि भांडं घासू. बदल्यात झाडांवरची सरसकट फवारणी एका मोसमापुरती थांबवू. घरात झुरळांसाठी जेल राहील. कुठे डेंग्यूचा रुग्ण सापडला आणि महापालिकेने धूर मारायला सांगितला तर कुणी अडवणार नाही. ताईंनी एक अट घातली: शनिवारच्या फेरीत त्या स्वतः येणार. आणि त्या येतात. टॉर्च घेऊन. आमच्यापेक्षा जास्त बारकाईने बघतात. मागच्या वर्षी सर्वात जास्त डासांच्या अळ्या सापडल्या त्या बागेत नाही, लिफ्ट मशीन रूमच्या बाहेर ठेवलेल्या रंगाच्या डब्यांत.

ए, बी आणि डी विंग या व्यवस्थेत आहेत. सी विंगच्या समोरच्या पट्टीवर अजून फवारणी होते, कारण तिथल्या बहुसंख्य घरांना तेच हवंय. ताई त्याच विंगच्या. शनिवारी आमच्याबरोबर, मतदानात विरुद्ध. मला त्यात विसंगती दिसत नाही.

आता तुमच्या कुंडीकडे येऊ.

ऊन चार तास तरी येत असेल तर कढीपत्ता किंवा लिंबू, शक्यतो दोन कुंड्या. एकीवर मच्छरदाणीचं कापड बांधा, ती स्वयंपाकघराची; दुसरी उघडी, ती पाहुण्यांची. या एका युक्तीने आमच्याकडे निम्म्या सासवा-सुना तयार झाल्या. जागा अगदीच कमी असेल तर पानफुटी. एवढीशी कुंडी पुरते आणि तिच्यावर रेड पिअरो हे काळं-पांढरं-नारिंगी इटुकलं फुलपाखरू अंडी घालतं. त्याची अळी जाड पानाच्या आत शिरून बोगदा करत खाते. कृष्णकमळाच्या वेलीवर टॉनी कॉस्टर येतं. तगर किंवा कण्हेर असेल तर एक दिवस बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसेल, निळ्या डोळ्यांची. घाबरू नका, ती ओलिअँडर हॉकमॉथ या पतंगाची, चावत नाही. रुईवर प्लेन टायगर हमखास येतं, पण तिचा चीक डोळ्यांना फार वाईट, म्हणून लहान मुलं खेळतात तिथे लावू नका. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, थोड्या फुलू द्या. मधमाश्या सकाळी तिथेच असतात. टोमॅटो-वांगी लावत असाल तर निळ्या पट्ट्यांची माशी आणि भुंगे यांच्याशी मैत्री ठेवा. ही मंडळी फुलाला धरून अंग थरथरवतात तेव्हा पराग मोकळा होतो. आपल्या नेहमीच्या मधमाशीला ते जमत नाही. आणि मुंबई-ठाणे-कोकणात असाल, लिंबूवर्गातलं झाड असेल, तर ब्लू मॉरमॉन येण्याचीही आशा ठेवा. २०१५ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं. राज्य फुलपाखरू ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. पुण्यातही दिसतं ते, तळहाताएवढं. पहिल्यांदा पाहिलं की चहा गार होतो.

नर्सरीतून आणलेलं झाड आधीच फवारलेलं असू शकतं. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत अळ्या मेल्या तर निराश होऊ नका. शक्य असेल तर शेजाऱ्याकडून रोप किंवा बी घ्या. मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा आणि थोडे दिवस कळ काढा. मावा दिसला की ढालकिडे येतात, त्यांचं तेच जेवण आहे. 'सेंद्रिय' म्हणून निंबोळी तेल मारत असाल तर लक्षात ठेवा, ते अळीची कात टाकण्याची प्रक्रियाच बिघडवतं. बाटलीवर हिरवं पान छापलेलं असलं तरी अळीला काय फरक पडतो? जमिनीवर पाला साठवणार असाल तर भिंतीपासून आणि मुलांच्या वाटेपासून लांब, आणि उंदरांना खायला मिळेल असा ओला कचरा त्यात नको. उंदीर आले की त्यांच्या मागे धामण येते, आणि मग पुढच्या सभेत तुमची काही खैर नाही.

सप्टेंबरमध्ये देशभर बिग बटरफ्लाय मंथ असतो, २०२० पासून. आयनॅचरलिस्ट अ‍ॅपवर अळीचा, कोषाचा, फुलपाखराचा फोटो टाका. ओळखायला लोक मदत करतात आणि नोंदही राहते. घराचं नेमकं लोकेशन लपवायची सोय त्यात आहे, ती वापरा.

आणि मला फोटो पाठवणार असाल तर या वेळी पानफुटीचा पाठवा. पान तोडू नका, मोबाइलचा टॉर्च पानामागे धरा आणि समोरून फोटो काढा. आतला बोगदा दिसतो, आणि नशीब असेल तर बोगद्याच्या टोकाला जेवत बसलेली अळीही.